सर्व मांजरी कुत्रे असतील तर? सिलॉजिझमचे हक्काचे मार्क जातात कुठे

सर्व मांजरी कुत्रे आहेत. सर्व कुत्रे टेबल आहेत. तर सर्व मांजरी टेबल आहेत का?

घरात जेवताना कुणी असं विचारलं तर बाकीचे ताटातला घास तसाच धरून बघत राहतील. पण बँकेची परीक्षा, एसएससी, रेल्वे, यूपीएससी आणि एमपीएससीचा सीसॅट, यातलं काहीही देणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न रोजचा आहे. विधान आणि निष्कर्ष, तर्क आणि अनुमान, सिलॉजिझम, क्लासनुसार नाव बदलतं, प्रकार तोच. उत्तर आहे 'हो'. आणि गंमत म्हणजे या मांजरी-कुत्र्यांच्या प्रश्नात फारसं कुणी चुकत नाही.

चुकतात ते इथे.

विधान १ : सर्व हापूस आंबे आहेत.
विधान २ : काही आंबे रत्नागिरीचे आहेत.
निष्कर्ष : काही हापूस रत्नागिरीचे आहेत.

निष्कर्ष बरोबर आहे का? रत्नागिरीचा हापूस माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. त्यामुळे हात आपोआप 'निष्कर्ष निघतो' या पर्यायाकडे जातो. आणि मार्क जातो.

कारण निष्कर्ष खरा आहे, पण तो या दोन विधानांतून निघत नाही. पटत नसेल तर फक्त एक शब्द बदलून बघा. सर्व हापूस आंबे आहेत. काही आंबे पायरी आहेत. म्हणून काही हापूस पायरी आहेत? आता लगेच खटकतं. वाक्यांचा साचा तोच आहे, तरी निष्कर्ष चक्क खोटा निघाला. ज्या साच्यातून एकदा जरी खोटं बाहेर पडू शकतं, त्या साच्याचा निष्कर्ष परीक्षेत ग्राह्य नाही. मग एरवी तो कितीही खरा असो.

सिलॉजिझमचा सगळा विषय खरं तर एवढाच आहे. प्रश्न 'हे खरं आहे का' असा नसतोच. प्रश्न असतो, 'दिलेली विधानं खरी मानली तर याशिवाय दुसरं काही असू शकतं का?' दुसरं काही असू शकत असेल तर निष्कर्ष निघत नाही. नसेल तर निघतो.

डोकं इथे फसतं कसं?

यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झालाय. १९८३ साली जोनाथन इव्हान्स, ज्युली बार्स्टन आणि पॉल पोलार्ड या तिघांनी लोकांना अशीच विधानं आणि निष्कर्ष देऊन बघितले. काही निष्कर्ष तर्काला धरून होते, काही नव्हते. काही ऐकायला पटणारे होते, काही विचित्र.

निष्कर्ष तर्काने चुकीचा आणि ऐकायलाही न पटणारा होता, तेव्हा तो जेमतेम १० टक्के वेळा स्वीकारला गेला. पण तर्काने तितकाच चुकीचा निष्कर्ष ऐकायला पटणारा असला, की तो ७१ टक्के वेळा 'बरोबर' ठरला. उलट बाजूनेही तेच झालं. तर्काने बरोबर आणि पटणारा निष्कर्ष ८९ टक्के वेळा मान्य झाला, पण बरोबर असूनही न पटणारा फक्त ५६ टक्के वेळा.

म्हणजे निष्कर्ष पटला की आपण तपासायचं सोडून देतो.

त्यामुळे 'सर्व मांजरी कुत्रे आहेत' असले प्रश्न बघून वैतागू नका. उलट ते सोपे असतात, कारण तिथे तुमचं जगाबद्दलचं ज्ञान मधे तोंड घालत नाही. सावध व्हायचं ते डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, आंबा असे शहाण्यासारखे दिसणारे शब्द आले की. तिथे सरळ शब्द पुसून अ, ब, क लिहा. सर्व अ ब आहेत, काही ब क आहेत. आता अ आणि क यांचा संबंध सांगा बघू? नाही सांगता येत. हापूस आणि रत्नागिरीचंही तेच.

हे खूळ काढलं कुणी?

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. दोन विधानं, दोन्हींत सामाईक असलेलं एक पद, आणि त्या पदाच्या आधाराने उरलेल्या दोन पदांना जोडणारा निष्कर्ष, ही मांडणी त्याची. पुढे मध्ययुगीन युरोपात विद्यार्थ्यांना याचे बरोबर साचे पाठ करायला लावायचे. लक्षात राहावेत म्हणून साच्यांना नावंही दिली होती. पहिल्याचं नाव 'बार्बारा'. त्यात तीन 'आ', म्हणजे तिन्ही वाक्यं 'सर्व'ची. आपली मांजर-कुत्रा-टेबलवाली भानगड म्हणजे हीच बार्बारा. क्लासवाल्यांच्या शॉर्ट ट्रिक्सना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, परंपरा जुनी आहे.

आपल्याकडे न्यायदर्शनातही अनुमानाचा काटेकोर विचार झालाय, पण त्याची तऱ्हा वेगळी. तिथे पाच पायऱ्या असतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर असतो तिथे आग असते, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून इथे आग आहे. यात तिसऱ्या पायरीला जगातलं खरं उदाहरण द्यावंच लागतं. त्यामुळे 'सर्व मांजरी कुत्रे आहेत' हे वाक्य नैयायिकांसमोर तिसऱ्याच पायरीवर बाद झालं असतं. परीक्षेत चालतो तो ॲरिस्टॉटलचा कायदा. विधान कितीही अचाट असो, ते खरं मानूनच पुढे जायचं.

चार वाक्यं, आणि त्यातला 'काही'

प्रश्न कितीही लांबलचक असला तरी त्यातली विधानं मुळात चारच प्रकारची असतात. सर्व अ ब आहेत. एकही अ ब नाही. काही अ ब आहेत. काही अ ब नाहीत.

यातला 'काही' हा शब्द सगळ्यात जास्त मार्क खातो.

रोजच्या मराठीत 'काही मुलं पास झाली' म्हटलं की ऐकणारा मनात लगेच जोडतो, म्हणजे काही नापास झाली. परीक्षेत असं जोडायचं नाही. इथे 'काही' म्हणजे किमान एक. एक असेल, दहा असतील, सगळेही असतील. म्हणून 'सर्व पोळ्या गोल आहेत' असं दिलं असेल, तर 'काही पोळ्या गोल आहेत' हा निष्कर्ष बरोबर धरतात. 'अहो पण सर्व आहेत ना, काही कशाला?' असं म्हणून अनेक जण तो सोडून देतात. आणि 'काही पोळ्या गोल आहेत' एवढंच दिलं असेल, तर 'काही पोळ्या गोल नाहीत' असा निष्कर्ष निघत नाही.

ज्यांनी कॉलेजात गणित किंवा कॉम्प्युटर सायन्स केलंय त्यांची इथे वेगळीच पंचाईत होते. जॉर्ज बूल यांच्यानंतरच्या आधुनिक तर्कशास्त्रात 'सर्व परग्रहवासी हिरवे आहेत' यावरून 'काही परग्रहवासी हिरवे आहेत' असं म्हणता येत नाही. कारण परग्रहवासी मुळात असतीलच असं नाही. ॲरिस्टॉटलच्या पद्धतीत मात्र ज्याबद्दल बोलतोय ती गोष्ट अस्तित्वात आहे असं गृहीत असतं. हा फरक किरकोळ नाही. दोन विधानं आणि एक निष्कर्ष यांचे एकूण २५६ साचे होतात. जुन्या पद्धतीने त्यातले २४ बरोबर ठरतात, आधुनिक पद्धतीने फक्त १५. आपल्या स्पर्धा परीक्षा जुन्या पद्धतीने चालतात. इंजिनिअरिंग करून बँकेकडे वळलेल्यांनी हे एकदा डोक्यात पक्कं करून टाकावं.

मग बँकांच्या परीक्षांमध्ये आणखी एक शब्दप्रयोग येतो : 'फक्त काही अ ब आहेत'. हा साध्या 'काही'पेक्षा वेगळा आहे. यात दोन गोष्टी एकदम सांगितलेल्या असतात. काही अ ब आहेत, आणि काही अ ब नाहीत. म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण 'काही'चा जो अर्थ घेतो, तो इथे घ्यायचा.

'फक्त'ची दुसरी जात अजून बेरकी. 'या पदासाठी फक्त पदवीधरच अर्ज करू शकतात.' यावरून सगळ्या पदवीधरांनी अर्ज केला असं होतं का? नाही. पण अर्ज केलेला प्रत्येक जण पदवीधर आहे, हे नक्की. म्हणजे 'फक्त अ हेच ब आहेत' याचा अर्थ 'सर्व ब अ आहेत' असा उलटा घ्यायचा. भरतीच्या जाहिराती वाचून ज्यांचे डोळे गेलेत त्यांना हे पटकन कळावं.

आणि एक खास मराठीतली अडचण. 'सगळे आंबे गोड नाहीत' या वाक्याचा अर्थ काय? एकही गोड नाही, की काही आंबट निघाले? बाजारात तरी आपण दुसरा अर्थ घेतो. तर्कशास्त्राच्या पुस्तकांतही अशा वाक्याचा अर्थ साधारणपणे 'काही नाहीत' असाच धरतात. एकही नाही म्हणायचं असेल तर 'एकही' किंवा 'कोणताही' हा शब्द यायला हवा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक बँकांच्या क्लार्क भरतीची पूर्व आणि मुख्य परीक्षा १३ प्रादेशिक भाषांतही घ्यावी अशी शिफारस केली, त्यात मराठी आहे. त्यामुळे मराठीतून पेपर देणाऱ्यांसाठी हे शब्द नीट वाचणं आता जास्तच महत्त्वाचं झालंय. वाक्य संदिग्ध वाटलं आणि इंग्रजी मजकूरही दिसत असेल, तर तोही बघून घ्यावा. दहा सेकंद जातील, मार्क जाणार नाही.

वाक्य उलटवताना

निम्मे निष्कर्ष हे दिलेल्या विधानाला उलटं करून बनवलेले असतात. त्यामुळे काय उलटतं आणि काय नाही, हे तोंडपाठ हवं.

'काही अ ब आहेत' उलटतं : काही ब अ आहेत. 'एकही अ ब नाही' हेही उलटतं : एकही ब अ नाही. 'सर्व अ ब आहेत' हे पूर्ण उलटत नाही. सर्व आंबे फळं आहेत, पण सर्व फळं आंबे नाहीत. त्यातून फक्त 'काही फळं आंबे आहेत' एवढं मिळतं. आणि 'काही अ ब नाहीत' हे अजिबात उलटत नाही. काही फळं आंबे नाहीत हे खरं, म्हणून 'काही आंबे फळं नाहीत' म्हणाल का?

आता वर्तुळं

पदांसाठी वर्तुळं काढायची पद्धत सगळेच क्लास शिकवतात आणि तिला वेन आकृती म्हणतात. जॉन वेन यांनी आपली आकृती १८८० मध्ये मांडली. पण एकात एक किंवा एकमेकांना छेदणारी जी वर्तुळं आपण कच्च्या कागदावर काढतो, ती खरं तर लेओनार्ड ऑयलर यांच्या पद्धतीच्या जास्त जवळची आहेत. ऑयलर यांनी ती १७६० च्या दशकात एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांमधून समजावली होती. परीक्षेत हे कुणी विचारणार नाही, पण पत्रातून रीझनिंग शिकलेली राजकन्या लक्षात राहण्यासारखी आहे.

वर्तुळांत मुलं चुकतात ती काढताना नाही. चुकतात ती एकच आकृती काढून थांबल्यामुळे. हापूसचं वर्तुळ आंब्याच्या आत काढलं, रत्नागिरीचं आंब्याला छेदून काढलं, आणि ते काढताना हापूसवरूनही गेलं. झालं, आकृतीत संबंध दिसतोय म्हणून निष्कर्ष बरोबर. पण रत्नागिरीचं वर्तुळ हापूसला न शिवताही काढता येत होतं की!

म्हणून आकृती काढताना हेतू उलटा ठेवायचा. निष्कर्ष सिद्ध करायला नाही, मोडायला बसायचं. विधानं पाळून निष्कर्ष खोटा ठरेल अशी एक जरी आकृती निघाली, तर निष्कर्ष बाद. कितीही खटपट करून तशी आकृती निघालीच नाही, तर निष्कर्ष पक्का.

एक पूर्ण प्रश्न सोडवून बघू.

विधानं : सर्व डबे पेट्या आहेत. एकही पेटी पिशवी नाही. काही पिशव्या कपाटं आहेत.

पहिला निष्कर्ष, 'एकही डबा पिशवी नाही'. डबे पेटीच्या आत कोंडलेले, पेटी आणि पिशवी एकमेकांपासून लांब. डब्याला पिशवीपर्यंत जायला वाटच नाही. निष्कर्ष निघतो.

दुसरा, 'काही कपाटं पेट्या नाहीत'. जी कपाटं पिशव्या आहेत ती पेट्या असूच शकत नाहीत. निघतो. हा अनेकांचा सुटतो, कारण विधानांत कपाट आणि पेटी शेजारी शेजारी येत नाहीत.

तिसरा, 'काही कपाटं डबे आहेत'. मोडून बघा. कपाटाचं वर्तुळ डब्यापासून लांब ठेवता येतं, म्हणून निघत नाही.

चौथा, 'एकही कपाट डबा नाही'. हाही मोडतो. कपाटाचं वर्तुळ मोठं करून पिशवीसकट डब्यापर्यंत नेता येतं, कुठलंच विधान अडवत नाही.

आता तिसरा आणि चौथा एकत्र बघा. एक म्हणतो काही आहेत, दुसरा म्हणतो एकही नाही. सुटा एकही निघत नाही, पण दोन्ही एकदम खोटेही असू शकत नाहीत. अशा वेळी उत्तर असतं 'एकतर तिसरा किंवा चौथा'. हीच ती क्लासमधली प्रसिद्ध 'आयदर-ऑर'. 'सर्व अ ब आहेत' आणि 'काही अ ब नाहीत' ही जोडीही अशीच. अट एवढीच की पदं दोन्हीकडे तीच हवीत, आणि दोन्ही निष्कर्ष स्वतंत्रपणे न निघणारे हवेत. त्यातला एक आधीच निघत असेल तर आयदर-ऑर लावायचं नाही. घाईत हेच विसरलं जातं.

राहिले शक्यतेचे निष्कर्ष. 'सर्व डबे कपाटं असण्याची शक्यता आहे.' इथे नियम उलटा होतो. मोडायचं नाही, एक जरी जमणारी आकृती मिळाली तरी पुरे. कपाटाच्या वर्तुळात सगळे डबे घेता येतात, म्हणून शक्यता बरोबर. पण 'सर्व कपाटं पेट्या असण्याची शक्यता आहे' हे नाही जमणार. काही कपाटं पिशव्या आहेत आणि पिशवी पेटी नसते, हे आधीच ठरलंय.

'नक्की' म्हटलं की प्रत्येक आकृतीत टिकलं पाहिजे, 'शक्यता' म्हटलं की एका आकृतीत जमलं तरी चालतं. हा फरक ज्याला कळला त्याचं शक्यतेच्या प्रश्नांचं निम्मं काम झालं.

आकृतीशिवाय ओळखता येईल असं काही?

आहे थोडं. दोन्ही विधानं 'काही'ची असतील तर टोकाच्या दोन पदांमध्ये नक्की असा निष्कर्ष निघत नाही. दोन्ही विधानं नकारार्थी असतील तरीही नाही. एक विधान नकारार्थी असेल तर टोकाच्या पदांना जोडणारा होकारार्थी निष्कर्ष येऊ शकत नाही. आणि मधलं सामाईक पद दोनपैकी किमान एका विधानात 'सगळ्यांबद्दल' बोललेलं असावं लागतं. हापूसच्या उदाहरणात 'आंबे' हे मधलं पद होतं. पहिल्या विधानात सगळ्या आंब्यांबद्दल काही म्हटलेलं नव्हतं, दुसऱ्यातही फक्त काहींबद्दलच. पूलच नव्हता, तर पलीकडे जाणार कसं?

हीच चूक परीक्षेबाहेर रोज दिसते. 'सगळे यशस्वी लोक पहाटे पाचला उठतात' अशी रील बघून लोक अलार्म लावतात. विधान खरं मानलं तरी 'पहाटे उठणारे सगळे यशस्वी' असं त्यातून निघत नाही. दूधवाले आणि पेपरवाले तर पाचच्याही आधी उठतात.

वेळेचा हिशोब

बँकेच्या पूर्व परीक्षेत रीझनिंगचे ३५ प्रश्न आणि वेळ २० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३४ सेकंद. चुकलं तर पाव मार्क कापला जातो. यूपीएससीचा सीसॅट २०१५ पासून फक्त पात्रतेपुरता आहे, २०० पैकी ६६ मार्क हवेत, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क जातात. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वचा सीसॅटही आता ३३ टक्क्यांच्या पात्रतेवर आलाय. 'फक्त पास व्हायचंय' म्हणून हा पेपर हलक्यात घेतला, आणि पहिल्या पेपरला चांगले मार्क असूनही इथे अडकलं, की सगळं वर्ष जातं.

अशा वेळी सिलॉजिझम हा फायद्याचा विषय ठरतो. पाठांतर जवळपास नाही, चालू घडामोडींसारखं दर महिन्याला बदलत नाही, आणि उत्तर शंभर टक्के खात्रीचं मिळू शकतं. बैठक व्यवस्थेच्या कोड्यात पाच मिनिटं घालवून शेवटी एक माणूस जास्त उरतो, तसं इथे होत नाही.

सुरुवातीला वेग मोजू नका. रोज दहा प्रश्न घ्या आणि प्रत्येक निष्कर्षापुढे तो का निघतो किंवा कुठल्या आकृतीने मोडतो, हे लिहा. चुकलेले प्रश्न वेगळे काढले की आपली चूक 'काही'त आहे, उलटवण्यात आहे की एकच आकृती काढून थांबण्यात आहे, हे आठवडाभरात दिसायला लागतं. मग घड्याळ लावा.

आणि जाता जाता हा एक सोडवा. फक्त काही लेखक कवी आहेत. सर्व कवी गायक आहेत. एकही गायक वकील नाही. निष्कर्ष : १) काही लेखक वकील नाहीत. २) सर्व लेखक गायक असण्याची शक्यता आहे.

दोन्ही निघतात. जे लेखक कवी आहेत ते गायक आहेत, म्हणून वकील नाहीत, त्यामुळे पहिला बरोबर. दुसऱ्याला 'फक्त काही' बघून बरेच जण नकार देतात. पण ते बंधन लेखक आणि कवी यांच्यात आहे. कवी नसलेल्या लेखकांनी गायला कुणाची हरकत नाही.